हळद लागलेली सावळी

अक्तीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या दिवशी माझ्या नव्या बाहुल्या आल्या. रायपूरच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरात बाहुल्यांचं कपाट आधीच भरलेलं होतं, पण या खोक्यांची पारदर्शक झाकणं पाहिली आणि मी खालीच बसले. बापरे, काय रंग! एकीचे केस पोपटी, एकीचे जांभळे, सँडल झगमग गुलाबी. कोपर वाकतं, गुडघा वाकतो, आणि कमरेवर हात ठेवून अशा उभ्या, जणू गोल बाजारात भाव करून राहिल्या. शेवटच्या खोक्यात ती होती. सावळी. गव्हाळ-बिव्हाळ नाही, चक्क माझ्या रंगाची! केशरी झगा, ताठ मान. इतकी वर्षं जमवून राहिले, पण अशी पहिल्यांदाच दिसली. छाती फुगली माझी, खोटं कशाला बोलू.

आईनं चष्मा लावून पाहिलं. "चाळिशी उलटली, अन् आता बाहुल्या!" एवढंच बोलली.

या रंगापायीच माझं लग्न राहिलं. नागपूर-वर्धेकडचे पाहुणे यायचे, पोहे खायचे, "कळवतो" म्हणून जायचे. शेवटी मीच म्हटलं, पुरे झालं. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, मी परीक्षा देऊन मंत्रालयात लागले. प्रमोशनचे पेढे आईच्या हातावर ठेवले, तरी तिचं आपलं सुरूच, "लगन झालं असतं तं..." तिच्या तोंडून एकदा तरी "बरं केलंस पोरी" ऐकायचं होतं मला. ते काही निघत नव्हतं.

बाहुल्यांच्या बाबतीत माझा नियम एकच, खोकं फोडायचं नाही. फोडलं की जमवणाऱ्याच्या लेखी ती बाहुली गेली.

अक्तीला इकडे लेकरं मातीच्या पुतरा-पुतरीचं लग्न लावतात, अगदी हळदीसकट. त्या दिवशी मी बाजारातून परतले तर आमच्या ओसरीवर पाऱ्यातल्या पोट्ट्यांचा गलका. मातीच्या बाहुल्यांमध्ये पाटावर माझी सावळी, खोक्याबाहेर! आणि आई वाटीतली हळद तिच्या गालांना लावून राहिली.

"आई! काहून फोडलं वं? प्लास्टिक आहे ते, डाग जात नसतो!"

"नाही गेला तं नाही गेला. तुले लावाची राहूनच गेली ना."

तेवढ्यात शेजारची चिमुरडी मातीचा पुतरा घेऊन आली. "दादी, दूल्हा इसके बाजू में बिठाऊँ?"

घ्या, आता पुन्हा तेच पुराण! मी तोंड फिरवलं.

"नको," आई म्हणाली. मग पोट्टीला कळावं म्हणून आपल्या मोडक्या हिंदीत, सगळ्यांसमोर, ठणकावून, "इसको दूल्हा नहीं होना. ये मंत्रालय में अफसर है."

"हव," म्हणून पोट्टीनं पुतरा उचलला आणि दुसऱ्या पुतरीजवळ बसवला, तिला काय त्याचं! मी मात्र बाजाराची पिशवी हातात धरून तिथंच रडले. आईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सावळीचा झगा नीट केला आणि म्हणाली, "तीट आण वं. दृष्ट लागन हिले."

डाग अजून तसाच आहे. बाहुल्या जमवणारे कोणी घरी आले की हळहळतात, एवढी चांगली बाहुली खराब कशी झाली म्हणून. खराब कुठं, मी म्हणते, माझ्या आईनं हळद लावली आहे तिला.