आवणीच्या दिवसांतली उडी

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. खेळ शिकवणाऱ्या बाईला तो शोभतो, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. शहापूरहून रोज जीपने डोळखांबच्या बाजूला शाळेवर जायचे आणि उतरल्या उतरल्या शिट्टी फुंकायचे. पोरं म्हणत, बाईंची शिट्टी बाईंच्या आधी शाळेत पोचते.

कुणीतरी शाळेला बास्केटबॉलचे खांब दिले, त्या वर्षीची ही गोष्ट. नववीतली एक मुलगी त्या खेळावर जीव टाकून होती. उंची बेताचीच, पण पाय स्प्रिंगसारखे. श्रावणात क्रीडा वसतिगृहाची निवड होणार होती. तिथे घेतलं असतं तर बारावीपर्यंत राहणं, जेवण, शिक्षण सगळं झालं असतं. नाहीतर दहावीनंतर काय, ते तिला माहीत होतं. कॉलेज शहापूरला आणि संध्याकाळी पाड्यावर परत यायला गाडी नाही, म्हणून तिची मोठी बहीण घरीच बसली होती.

निवडीत उडी मोजतात. भिंतीला चिकटून हात वर करायचा, बोटं टेकतात तिथे खूण करायची. मग जागच्या जागी उडी मारून, खडू लावलेली बोटं जितकी वर टेकतील तेवढी उडी. मी व्हरांड्याच्या भिंतीवर तिच्या खुणेच्या वर दोन विती मोजून गेरूची रेघ ओढली. म्हटलं, इथे हात पोचला की तू वसतिगृहात.

शाळा सुरू झाली तेव्हा ती रेघेला एक बोट कमी पडत होती. एक बोट म्हणजे काहीच नाही. मी मोबाईलवर व्हिडिओ बघून आणि माझी जुनी वही काढून व्यायाम लावले. उठाबशा, पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा उचलणं, बाकावर दोन्ही पायांनी उडी, गुडघे छातीला लावून उड्या. पंधरा दिवसांनी मोजलं तर दोन बोटं कमी. मी उठाबशा वाढवल्या. पुढच्या आठवड्यात चार बोटं कमी. मी बाकावरच्या उड्या दुप्पट केल्या.

घरी व्यायाम करतेस की नाही, विचारलं तर म्हणायची, करते. आणखी काय करतेस, तर म्हणे, काय नाय बाई, घरीच असते. शेवटी एक दिवस साऱ्या वर्गासमोर मी तिला कामचुकार म्हटलं. वर ऐकवलं की उडी पायात नसते, मनात असते. हे वाक्य आठवलं की आजही माझे कान गरम होतात. ती मान खाली घालून बाकाकडे गेली आणि सांगितल्या तेवढ्या उड्या मारल्या.

रविवारी तिच्या आईकडे तक्रार करायला म्हणून पाड्यावर गेले. घराला कडी. माणसं शेतावर आहेत, शेजारच्या म्हाताऱ्यानं सांगितलं. बांधावरून बघते तर बायकांच्या ओळीत ही, पोटरीएवढ्या चिखलात कमरेत वाकलेली, एकेक पाय उपसून मागे सरकत भाताचं रोप लावत होती. शाळेच्या दिवशी पहाटे मुठी, म्हणजे रोपांच्या जुड्या, खणायच्या, शाळा सुटली की अंधार पडेपर्यंत आवणी. आणि मधल्या वेळात माझ्या उठाबशा.

मी विचारलं, "सांगितलं का नाहीस गो?"

ती गोंधळली. "त्यात काय सांगायचं, बाई? आवणी तर सगळीच करतात."

मला माझीच लाज वाटली. मी काही मुंबईची नव्हे. मुरबाडकडे आमची भातशेती आहे, बारावीपर्यंत मीही आवणी केली आहे. तरी माझ्या वहीत त्या कामाला जागा नव्हती. आमच्याकडे आवणीला कुणी श्रम म्हणतच नाही. ती असतेच.

तिच्या आईला मी म्हटलं, पोरीच्या पायांना आठ दिवस पूर्ण विश्रांती हवी. आईनं मुठीची गाठ सोडता सोडता माझ्याकडे पाहिलं. आवणीच्या दिवसांत तापातली बाईसुद्धा घरी बसत नाही. शिवाय त्यांची सावड होती. पाच घरांचे हात यांच्या शेतावर येऊन गेले होते, आता यांनी जायचं होतं.

"हिला बसवली तर लोकांच्या शेतावर कोन जाईल?"

मी जाईन, म्हटलं. अख्खी ओळ हसली.

किरकोळ रजा टाकून मी पाच दिवस गेले. शिट्टी नाय वाजवायची हितं, म्हणून बायकांनी चिडवून घेतलं. माझी ओळ वाकडी जायची आणि एक काकू मागून गुपचूप सरळ करायच्या. दुसऱ्या संध्याकाळी शाळेची किल्ली द्यायला गेले तेव्हा त्या भिंतीपाशी मीही उडी मारून बघितली. पाय जमिनीवरून जेमतेम सुटले. टाचा उचलायला सांगणारी मी, जिना उतरताना कठडा धरत होते.

पण खरा छळ तिचा चालला होता. पोरीला बसवेना. आई वाकली आहे, बाई वाकल्या आहेत आणि आपण ओटीवर, या विचारानं ती डोळ्यांत पाणी आणून बांधावर यायची. मी तिला हाकलायचे. बस म्हटलं ना, हाच व्यायाम आहे. इतका अवघड व्यायाम मी कुणालाच कधी दिला नव्हता.

नवव्या दिवशी ती उडाली आणि बोटं रेघेच्या दोन बोटं वर टेकली. मी त्याच वर्गासमोर तिची माफी मागितली. श्रावणात तिची निवड झाली.

तिला सोडायला आई फाट्यापर्यंत आली होती. गाडी वळणाआड गेली तरी आम्ही दोघी तिथेच उभ्या. तिच्या आईनं मला कधी विचारलं नव्हतं की ही उडी कशाला मोजतात. त्या दिवशी तिनं ती कशी मोजायची ते विचारलं, आणि मी हात वर करून दाखवलं.

"माझी पन उडी चांगली होती, बाई," ती म्हणाली. "कैऱ्या मी आकडीबिगर, उडी मारून काढायची. मला कोनी बसवलंच नाय."

ती पदर खोचून बेणणीला, भातातलं तण काढायला निघाली, कारण आता घरात काम करणारे दोन हात कमी झाले होते.