फेझंटची पिल्लं

ओल्या पेंढ्याचा वास आला की मिनेसोटातला तो ऑगस्ट आठवतो. माझ्या मुलीने गराजमध्ये वाढवलेली फेझंट पक्ष्याची पिल्लं तिच्या मैत्रिणीच्या शेतावरच्या जाळीच्या मोठ्या पिंजऱ्यात न्यायची होती. तिन्हीसांजेच्या अंधुक उजेडात तिने एकेक पिल्लू अलगद पंख मिटवून दोन्ही हातांनी उचललं, पेंढा घातलेल्या खोक्यात ठेवलं आणि वर चादर टाकली. “बाबा, हळू चालव, दे आर स्केअर्ड,” ती कुजबुजली. सगळी सुखरूप पोचली. पहाटे मात्र गारा कोसळल्या. भेदरलेली पिल्लं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढली आणि गुदमरून मेली. “आय डिड एव्हरीथिंग राइट, ना बाबा?” तिने विचारलं. “हो,” मी म्हणालो. मग आम्ही दोघांनी पिंजऱ्यातला ओला पेंढा गोळा केला.