खाडीवरच्या सिस्टर

सिस्टरांना मी बसलेलं क्वचितच पाहिलं. हॉस्पिटलात डबासुद्धा त्या खिडकीपाशी उभ्यानेच खायच्या, एक डोळा बाहेरच्या खाडीवर. "बसलं की डोकं चालू होतं गं," म्हणायच्या. मूळच्या मिरजेच्या. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या उत्तरेला तीन तासांवरच्या आमच्या छोट्या गावात त्या वीस वर्षं नर्स होत्या. मी तिथे फार्मसिस्ट म्हणून गेले तेव्हा गावात मराठी घरं दोनच, त्यांचं आणि आमचं.

पहिल्याच रविवारी त्या दारात हजर. "टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, आहेत का? नसले तर टीशर्ट चालेल. चल." उन्हाळ्यातल्या प्रत्येक रविवारी त्या खाडीच्या संथ पाण्यात बायकांना फुकट तरंगायला शिकवायच्या. का, ते मला हेमीने सांगितलं. हेमी हा निवृत्त बस ड्रायव्हर, किनाऱ्यावर स्वयंसेवक लाइफगार्ड. पूर्वी एकदा वॉर्डच्या सहलीत एका सहकारी नर्सचा नवरा चेंडू आणायला पाण्यात गेला, तो परत आला नाही. किनाऱ्यावर नर्सेसच नर्सेस, पण पोहता एकीलाही येत नव्हतं. त्यानंतर अठ्ठेचाळिसाव्या वर्षी सिस्टर हेमीकडून पोहायला शिकल्या.

"पाणी बुडवत नाही, तुझी ताठ मान बुडवते. कान आत घाल," त्या माझ्या डोक्याखाली हात धरून म्हणायच्या. माझी मान सैल व्हायला चार रविवार लागले. सिस्टरांना तेवढाही धीर नसायचा. एकीला धरलेलं असताना दुसरीला सूचना, तिसरी का आली नाही याची चौकशी.

वृद्धाश्रमात काम करणाऱ्या फिलिपिनो बायका, डेअरी फार्मवरच्या पंजाबी सुना, नातींना घेऊन आलेल्या माओरी आज्या. पोहून झालं की गवतावर चहा, उकडलेलं कुमारा रताळं, आमचे पोहे. माझ्या औषधांच्या दुकानात मान खाली घालून चिठ्ठी पुढे करणाऱ्या बायका आता माझ्याशी बोलू लागल्या. काहींच्या झोपेच्या गोळ्या कमी झाल्या. कुणाच्या, ते मी सांगणार नाही.

माझा नवरा निखिल मात्र गाडीत लॅपटॉप घेऊन बसायचा. एकदा सिस्टरांनी काच ठोकली. "लॅपटॉप इथे सुरक्षित आहे, तू नाहीस. बाहेर ये." तो चिडून शिकला.

पुढच्या जानेवारीत आम्ही सगळे खुल्या समुद्राकडच्या बीचवर गेलो होतो. निखिल कंबरभर पाण्यात होता. बघता बघता प्रवाहाने त्याला आत ओढलं. मी किंचाळले. तो उताणा झाला आणि तसाच लांब लांब जाऊ लागला. सिस्टर माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझं मनगट इतकं आवळलं की वळ उठले. हेमीच्या माणसांनी बोट घातली आणि त्याला आणलं. ओठ निळे पडलेले. "तरंगत राहिलो," एवढंच तो बोलला.

पुढच्या रविवारी सिस्टर आल्या नाहीत. मी घरी गेले, तर त्या खोकी भरत होत्या.

"माझे पाय हलले नाहीत गं. इतकी वर्षं शिकवलं, आणि नेमकी त्या दिवशी मी दगड झाले."

मी हेमीला बोलावून आणलं. तो म्हणाला, "सिस्टर, तुम्ही आत गेला असतात तर आम्हाला दोघांना आणावं लागलं असतं."

"ते मला माहीत आहे," त्या म्हणाल्या आणि खोक्याला चिकटपट्टी लावत राहिल्या.

त्या टौरंगाला मुलीकडे गेल्या. गाडीत बसताना मला म्हणाल्या, "बायकांना सांग, मुलीने बोलावलं. मी घाबरले म्हणून सांगू नकोस."

दोन वर्षं मी तसंच सांगितलं. वर्ग आता हेमी आणि मी चालवतो. नवी बाई आली की गुडघाभर पाण्यात थबकते आणि विचारते, "ज्यांनी हे सुरू केलं, त्यांना नव्हती वाटत भीती?" दर वेळी मी विषय बदलायचे आणि आठवडाभर मला ते सलत राहायचं. शेवटी गेल्या महिन्यात मी त्यांना फोन केला. खरं सांगू का, विचारलं.



"सांग," त्या म्हणाल्या. "पण आधी त्यांना पाण्यात उतरव, मग सांग."

गेल्या रविवारी सहाजणी छातीभर पाण्यात उभ्या होत्या, तेव्हा मी सांगितलं. एकही बाहेर आली नाही.