पिवळा मार्कर आणि निळा रुमाल

कंपनीच्या ग्रुपवर साहेबांचा मेसेज आला की यंदाच्या सहलीत पेंटबॉल आहे, सगळ्यांनी मार्कर नीट निवडा, खेळ त्यावरच आहे. मी शेंद्र्याच्या कारखान्यात क्वालिटीला. माझ्या हातात दिवसभर मार्करच असतो. पार्टमध्ये खोट दिसली की तिच्याभोवती पिवळा गोल काढायचा आणि पार्ट लाल पेटीत टाकायचा. मला वाटलं, रंगाचा खेळ दिसतोय, एकमेकांवर रेघोट्या मारायच्या असतील. गुलमंडीत जाऊन लोखंडावरूनही न पुसला जाणारा, जाड टोकाचा, नवाकोरा पिवळा मार्कर घेतला आणि ऐटीत नवऱ्याला दाखवला.

नवरा त्याच कंपनीत, पण प्रोडक्शनला. त्याच्या लाइनचे पार्ट मी नापास करते आणि त्यावरून आमची धुसफूस शेंद्र्यापासून घराच्या दारापर्यंत चालते. मार्कर बघून तो इतका हसला की त्याला चहाचा ठसका लागला. पेंटबॉलमध्ये बंदुकीलाच मार्कर म्हणतात, म्हणे. मग सरळ बंदूक म्हणायला काय जीभ झडते का यांची? मी मार्कर पर्समध्ये टाकला आणि तिथंच जाहीर केलं की प्रोडक्शनवाल्यांना मीच रंगवणार आहे.

अडचण एकच, माझा चष्मा. तो काढला तर समोर माणूस आहे का खांब, हेही मला कळत नाही. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं, चष्म्यावर मास्क बसला तर खेळा, नाहीतर तुमच्या जागी दुसरं कुणीतरी खेळेल. मागच्या सहलीत क्रिकेट होतं आणि मी दिवसभर भेळेच्या पातेल्यापाशी उभी होते, कुणाला कांदा नको, कुणाला तिखट जास्त. यंदा मला त्या पातेल्याचं तोंडसुद्धा बघायचं नव्हतं.

म्हणून आदल्या रविवारी नवऱ्याला स्कूटरवर मागं बसवून मी पैठण रोडवरचं ते मैदान गाठलं. टेबलावर सगळं सामान मांडलेलं होतं आणि ते बघून मला जत्रेत आल्यासारखं झालं. मी आधी सगळ्यात लांब नळीची बंदूक उचलली. काय रुबाब होता तिचा! पण खांद्याला लावून जरा वेळ धरली तर हात थरथरायला लागला. मैदानाचे मालक म्हणाले, नवीन माणसानं आखूड आणि हलकी घ्यावी, पळताना जड होत नाही. आणि ताई, बंदुकीचं नंतर बघा, आधी मास्क. जांभळाएवढा तो रंगाचा गोळा लई जोरात येतो, हातापायाला लागला तर वळ उठून जातो, डोळ्याचं तसं नसतं.

मग मास्क. पहिल्यानं चष्म्याच्या काड्या कानशिलात रुतवल्या. दुसरा बरा बसला, पण दोन श्वास घेतले आणि वड्याच्या गाडीची काच होते तसं सगळं धूसर. नवरा म्हणाला, भेळच बरी दिसते. त्याच्याकडं बघायचीही सोय नव्हती, कारण तो दिसतच नव्हता. तिसरा मास्क मात्र रुंद, दुहेरी काचेचा, कानाजवळ मोकळा. घातला, वाकले, पळाले, ओरडून बघितलं, तरी रस्त्यापलीकडच्या पाटीवरचं बारीक अक्षरसुद्धा लख्ख. मी आनंदानं तिथंच उडी मारली. पण तसा मास्क एकच होता, आणि मालक तो बाजूला ठेवायला तयार होईनात. सहलीच्या दिवशी जो आधी येईल त्याचा.

सहलीच्या दिवशी प्रोडक्शनची बस पुढं गेली आणि आमची नाष्ट्याला थांबली. लोकांचे पोहे संपता संपेनात. एकानं तर वर जिलेबी मागवली. मी खिडकीपाशी बसून एकेकाला मनातल्या मनात लाल पेटीत टाकत होते.

मैदानावर पोचलो तर प्रोडक्शनवाल्यांच्या डोक्यांवर मास्क चढलेले. मी टेबलाकडं धावले. माझा मास्क तिथंच होता, पण त्यावर निळ्या चौकड्यांचा रुमाल पसरलेला. तो रुमाल मी रोज धुते. माझं डोकंच फिरलं.

“तुम्हाला ना चष्मा, ना काही. हाच मास्क पाहिजे होता का तुम्हाला?”

“जागा धरली तुझी,” तो म्हणाला.

मी रुमाल उचलला. सोयगाव त्याचं गाव. लग्न झाल्यापासून तिकडं जाताना एसटी लागली रे लागली की हा खिडकीतून रुमाल टाकतो, मला बसवतो आणि स्वतः सिल्लोडपर्यंत उभा राहतो. प्रोडक्शनचे सगळेही तसलेच, गावाकडचे. रुमाल टाकलेल्या मास्कला एकानंही हात लावला नव्हता. आणि ह्यानं स्वतःसाठी उरलेला, तोच धूसर होणारा मास्क घेतला होता.

पण खेळ तो खेळ. आखूड बंदूक घेऊन मी टायरांमागून पिंपांमागं, पिंपांमागून पोत्यांमागं अशी पळत होते की माझं वयच मला आठवेना. दोघांना उडवलं. शेवटी मैदानात मी आणि नवराच उरलो. त्याची काच पार धुरकट झालेली. बिचारा भलतीकडंच बंदूक रोखून उभा. क्षणभर जीव कळवळला. मग मारला.

गोळा फुटला नाही, असं तो म्हणायला लागला. न फुटलेला गोळा धरत नाहीत, हे खरं. पण तपासणी हे माझं रोजचं काम. मी त्याला उलटा फिरवला, खांद्यामागं केशरी डाग सापडला, आणि पर्समधून मुद्दाम खिशात घेतलेला मार्कर काढून त्याभोवती पिवळा गोल काढला.

“नापास,” मी म्हणाले.

त्यानं मास्क सारून मान वळवून बघितलं आणि पोट धरून हसला.

घरी शर्ट धुतला तेव्हा केशरी रंग पहिल्याच पाण्यात गेला. पिवळा गोल काही केल्या निघाला नाही. मी तो शर्ट फडक्यात काढणार होते, तर त्यानं हातातून घेतला. आता सोयगावला जाताना तो तोच घालतो, आणि एसटीत मी बसलेली असते तेव्हा तो पाठमोरा गोल माझ्यासमोर उभा असतो.