बिनफोडणीचं पिठलं

म्युऑन नावाचा एक कण आहे. इलेक्ट्रॉनचा वजनदार थोरला भाऊ म्हणा. चुंबकाजवळ त्याचा अक्ष भोवऱ्यासारखा डोलतो, आणि सिद्धान्त सांगतो त्यापेक्षा किंचित जलद डोलतो. एवढ्याशा फरकावर माझी पीएचडी उभी होती. यामागे अजून न सापडलेला एखादा कण असणार, असं मी मांडलं होतं. तो किती जड असेल, कुणाशी त्याचं जमेल, कुणाशी नाही, सगळं मीच ठरवलं होतं.

सुट्टीला घरी आले तेव्हा बाबांनी लखनौच्या मराठी मंडळात "मुलीने कण शोधला" असं सांगूनही टाकलं होतं. शोधला नाही, सुचवलाय, हे मी चारबाग स्टेशनपासून अलीगंजच्या घरापर्यंत ऑटोत समजावत होते. ते म्हणाले, शाल आणून ठेवलीय, रविवारी सत्कार आहे.

शुक्रवारी नवी आकडेमोड जाहीर झाली. मोजणाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं, सिद्धान्ताचाच जुना आकडा कमी पडला होता. नवा आकडा मोजमापाशी जुळला. फरकच उरला नाही, तेव्हा माझ्या कणाला काही कामही उरलं नाही. विभागातून सगळ्यांच्या उत्साहाच्या मेल आल्या. विज्ञानाच्या दृष्टीने ही फार चांगली बातमी होती.

बाबांनी मंडळाला फोन करून सत्कार रद्द केला. ज्या कणासाठी पोरीने एवढं केलं तो नाहीच म्हणे, इतकंच त्यांनी सांगितलं.

संध्याकाळी मागच्या गल्लीतल्या, मंडळातल्याच एक काकू आल्या, मूळच्या अमरावतीच्या. हातात झाकलेलं पातेलं. आत पिठलं-भात, आणि पिठल्याला फोडणी नाही. आमच्याकडे असं पिठलं शेजारून येतं ते घरात कुणी वारलं तरच. अशा वेळी काय न्यायचं ते काकूंना कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून माहीत होतं ते त्यांनी आणलं. आईने आमचा चढवलेला कुकर गुपचूप बंद केला. बाबा खाली मान घालून बसले. हसावं की काय ते मला कळेना.

काकूंनी मला पान वाढलं. मग शेजारी बसून विचारलं, "किती वर्षं होतीस गं त्याच्यासोबत?"

"पाच," मी म्हटलं.

"अच्छा. आणि रडलीस का नाही अजून?"

तोवर मला हे कुणी विचारलंच नव्हतं. मी घास हातातच धरून रडायला लागले.