चपला आत घ्या

रविवारी सकाळी आमच्या दारात चपलांचा ढीग पडलेला असायचा. आमचं गाव परभणीहून येताना बोरीच्या अलीकडचं. गावात ख्रिस्ती घरं मोजकीच. उपासनेला चुलत्याचं कुटुंब, वाडीवरच्या दोन बाया आणि परभणीहून मोटारसायकलवर येणारे पाळक, एवढी माणसं आमच्या पत्र्याच्या खोलीत दाटीनं बसायची. सगळ्यांत वरचा आवाज आईचा. मी तेव्हा परभणीला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि शनिवारी घरी यायचो.

एका रविवारी गीत चालू असताना गावातलीच काही पोरं आली. एकानं पायानं चपला उधळल्या आणि दारात उभा राहिला.

"किती जणांना बाटवलं आज?"

वडील उठले. "बाटवायला कोण हाय हितं? आमच्या आज्यापासून आमी हेच करायलाव. तुझ्या बापाला इचार, नाताळाला आमच्यातच जेवायचा."

"लय बोलायलास म्हाताऱ्या."

त्यानं ढोलकी उचलून रस्त्यावर फेकली. पाळकांना म्हणाला, "पुन्हा गावात दिसलास तर बघ." मग ती पोरं हसत निघून गेली.

कुणाला मार लागला नव्हता, त्यामुळे गावाच्या लेखी काही घडलंच नव्हतं. मी वडिलांना म्हणालो, पोलीस ठाण्यात जाऊ. धर्मस्वातंत्र्य हा आपला हक्क आहे, हे मला वर्गात शिकवलं होतं. आमच्या घरातून कॉलेजच्या बाकावर बसणारा मी पहिलाच. तिथं जे जे शिकलो, त्यावर माझा पूर्ण विश्वास होता, आजही आहे. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुझं बराबर हाय. पण तू उद्या परभणीला जाशील. आमाला हितंच राहायचंय."

पुढच्या रविवारी आई दारात उभी राहून येईल त्याला सांगत होती, "चपला आत घ्या." त्या तिनं एका पोत्यात भरून कोपऱ्यात ठेवल्या. दाराला कडी लावली. पाळक एसटीनं येऊन फाट्यापासून चालत आले. गीत नुसतं ओठांवर. बाहेर मोटारसायकल वाजली की ओठही थांबायचे. मी पाणी आणायला म्हणून बाहेर पडलो आणि मागं वळून पाहिलं. झाडलेला उंबरा, बंद दार. माणसं घर सोडून गेल्यावर दिसतं, तसं आमचं घर दिसत होतं. आत माझी आई होती.

असे काही रविवार गेले. एकदा दारावर थाप पडली आणि आत सगळ्यांचे ओठ थांबले.

"अगं उघड, मी हाय!" शेजारच्या काकू होत्या. ते घर बौद्धांचं. "तुझं गाणं ऐकू येईना, म्हणलं आजारी पडलीस का काय."

आईनं कोपऱ्यातल्या चपलांच्या पोत्याकडं बोट केलं.

"चपला लपवायला चोऱ्या केल्या का गं तुमी? आमी विहाराला कडी लावताव का? काढ त्या भाईर. मी बसते हितं ज्वारी निवडत. येऊ दे कोण यायलंय ते."

काकू सूप घेऊन उंबऱ्याला टेकून बसल्या. आईनं दार उघडं ठेवलं आणि गीत धरलं. आवाज कापत होता, पण होता. तेवढ्यात मोटारसायकल आली आणि दारासमोर हळू झाली. तोच पोरगा.

"काय रे, वाट चुकलास का?" काकूंनी विचारलं.

"काय न्हाई काकू." त्यानं आत नजर फिरवली. "बघू." आणि गेला.

तो परत आला नाही. पण जाताना "बघू" म्हणाला होता.

काकू अजूनही बहुतेक रविवारी येऊन बसतात. आई पुन्हा मोठ्यानं गाते. गेल्या खेपेला मी गावी होतो. पाळकांनी प्रार्थना सुरू केली, सगळ्यांनी डोळे मिटले. मला मधेच काय वाटलं कुणास ठाऊक, मी डोळे उघडले. आईचे हात जोडलेले होते, ओठ हलत होते आणि डोळे सताड उघडे, दारापलीकडच्या रस्त्यावर लागलेले. मी बघतोय हे तिला कळलं.

"तू मीट," ती पुटपुटली. "मी हाय बघायला."