खिळे मारलेलं दार

"मांगून या." दारावर थाप पडली की काका आतून एवढंच म्हणायचे, म्हणजे मागच्या बोळातून. तुम्ही नाचणगावच्या आमच्या जुन्या गल्लीत आला असाल, तर त्यांच्या कोरीव दाराचा फोटो तुमच्याकडे असेलच. त्या दारातून आत मात्र तुम्ही गेला नसाल. त्याला आतून खिळे होते.

सेवाग्राम पाहून आलेल्या पाहुण्यांना गाईड सांगायचा की हे दार तीनशे वर्षं बंद आहे, आत काय दडलंय ते कुणालाच ठाऊक नाही. आत काकू भाकरी थापत असायच्या. बिजागरी तुटली, बकऱ्या शिरून पीठ खाऊ लागल्या, म्हणून काकांनी चार वर्षांपूर्वी खिळे ठोकले होते.

दाराचं कौतुक काकांना आवडायचं. काळजी एकच, मागच्या बोळातून आपली तिरडी कशी निघणार? मी टेपने मोजलं. बोळ अडीच फूट, त्यात काटकोनी वळण. तिरडी साडेसहा फूट. निघत नाही, असं मी सांगितलं. काकांना ते पटेना.

एका रविवारी ते बांबूच्या शिडीवर आडवे झाले आणि आम्हा चौघांना उचलायला लावलं. वळणावर शिडी अडकली; पुढेही जाईना, मागेही येईना. तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी पाहुणे आले. त्यांनी टोप्या काढल्या, हात जोडले. एक बाई डोळे पुसू लागल्या.

काकांनी मान उचलली. "फोटो समोरच्या दाराचा काढा जी. इथं उजेड नाई."

बाई मटकन खाली बसल्या. काकूंनी त्यांना पाणी दिलं आणि काकांना सुनावलं, "मेल्यावर तरी लोकायले असं घाबरवू नोका."

संध्याकाळी काका खिळे काढायला बसले. गाईड धावत आला, दार उघडलं तर इथं कोण थांबेल म्हणून विनवू लागला. काका विरघळले. पक्कड माझ्या हाती देत म्हणाले, "बापू, तुह्याजवळ ठेव. माह्या दिवशी इसरू नोको."

यंदाच्या उन्हाळ्यात मी पक्कड घेऊन गेलो. खिळे गंजले होते, पण निघाले. काका समोरून गेले. गाईड शेवटपर्यंत त्यांच्या मानेकडे बघत होता, पुन्हा उचलतात का म्हणून. आम्हीही.

आता दार उघडंच असतं. काकू ओट्यावरून सांगतात, "समोरून या." आम्ही हो म्हणतो आणि बोळाकडे वळतो.